उरलंसुरलं

माझ्या फ्रेंचच्या वहीतल्या एका पानावर हळदीचा डाग आहे. सांगलीत राहायचं, ओट्यावर साखरेच्या डब्याला मोबाइल टेकवून भाषा शिकायची आणि वहीला हळद लागू द्यायची नाही, हे कसं जमणार? त्या पानाच्या डोक्यावर आमच्या मादामनी दिलेला विषय आहे : घरातला कचरा कसा टाळावा. खाली बारा वाक्यं. डावीकडे फ्रेंच, मधे माझ्यापुरता देवनागरी उच्चार, उजवीकडे मराठी अर्थ. 'साँ साक, सिल वू प्ले' म्हणजे पिशवी नको. 'से रेपाराब्ल?' म्हणजे दुरुस्त होईल का हे? 'ऑं न गास्पीय पा' म्हणजे वाया घालवायचं नाही.

त्रेसष्टाव्या वर्षी हा उद्योग का, असं सगळेच विचारतात. लेक लिऑनला असते. नात चार वर्षांची. तिला मराठी कळतं, पण तोंडातून निघतं ते फ्रेंच. मी विचारते, "जेवलीस का गं?" आणि पलीकडून धबधब्यासारखं काहीतरी येतं, लेक त्याचा तर्जुमा करते. नातीचं बोलणं लेकीच्या गाळणीतून प्यायचा कंटाळा आला, म्हणून पुण्याच्या एका बाईंचा ऑनलाइन वर्ग धरला. वर्गात बाकी सगळी विशीतली मुलं. त्यांना पॅरिसला शिकायला जायचंय. मला नातीच्या जेवणाच्या टेबलापर्यंत पोचलं तरी पुरे.

त्या बारा वाक्यांत एक होतं : 'सा प्यो तूझूर सेर्वीर'. शब्दशः, हे केव्हाही उपयोगी पडू शकतं. मादाम म्हणाल्या, "काही टाकायला निघालो आणि हात थांबला की फ्रेंच माणूस हे म्हणतो. मराठीत काय म्हणाल?" मुलं विचारात पडली. मला विचार करावाच लागला नाही. साताऱ्याच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या माळ्यावरून आईचा आवाज आला : "असू दे, लागंल कधीतरी."

त्या माळ्यावर काय नव्हतं? सुतळीची गुंडी होती, गाठी मारून मारून नारळाएवढी झालेली. झाकण नसलेल्या बरण्या होत्या आणि बरणी नसलेली झाकणं होती. दर मे महिन्यात दादा, म्हणजे वडील, आमच्या जुन्या वह्या घेऊन बसायचे. उरलेली कोरी पानं फाडायचे, दाभणानं भोकं पाडून दोऱ्यानं शिवायचे आणि वर कॅलेंडरचा गुळगुळीत कागद चढवायचे. जूनमध्ये ती आमची रफ वही. तिच्यात दुरेघी, चौरेघी, चौकटीचं गणिताचं, असली सगळी पानं एकत्र. गणित सोडवता सोडवता अचानक चार रेघांवर आलं की आकडेसुद्धा अक्षरासारखे वळणदार काढावेसे वाटायचे.

कपड्याचा प्रवास तर आणखी लांबचा. आईचं लुगडं विरलं की धडक्या भागाचा आमचा परकर. परकर आखूड झाला की तो वाकळीत. वाकळीत न बसलेला तुकडा भाकरीच्या दुरडीत फडकं म्हणून. फडकं काळं पडलं की ओट्याखाली मसोतं, मसोतं झिजलं की पोतेरं. मधेच कधी बोहारीण आली तर दोन पँटी आणि एक साडी देऊन स्टीलचं पातेलं, तेही तासभर घासाघीस करून. फ्रेंचमध्ये मला आत्तापर्यंत दोनच शब्द मिळालेत, भांडी पुसायचं 'तोर्शाँ' आणि फरशी पुसायची 'सेर्पियेर'. एका लुगड्याच्या साऱ्या जन्मांना आमच्याकडे वेगवेगळी नावं होती. नाव आहे म्हणजे पुढची पायरी आहे. टाकून देण्याआधी प्रत्येक वस्तूला आणखी एक नाव मिळायचं.

मग 'आँ व्राक' आला. म्हणजे वेष्टनाशिवाय, तोलून-मापून. लेकीनं मला तिच्या दुकानाचा व्हिडिओ पाठवला होता. भिंतीवर काचेची उंच नळकांडी, त्यांत मसूर, राजमा, तांदूळ. माणसं घरून बरण्या घेऊन येतात, खटका दाबला की धान्य खाली. लेक कौतुकानं सांगत होती, "मम्मी, इथं हे एकदम भारी समजतात." मी वहीत अर्थ लिहिला : सुटं.

आणि तो शब्द लिहिताना कानशिलं गरम झाली. 'सुटं तेल' आणायला मला आई पाठवायची तेव्हा मी बाटली पिशवीत, पिशवी दप्तरात लपवून न्यायची. वाण्याच्या दुकानात वर्गातली मुलगी दिसली तर आधी खडीसाखर मागायची, ती गेली की मगच तेल. डबा घेणारे ते खाऊनपिऊन सुखी, सुटं घेणारे ते रोजच्या रोज पुरवणारे. वाण्याचं गिऱ्हाईक दोन जातींचं. लग्न होऊन सांगलीत आले आणि पगार सुरू झाल्यावर मी पहिली कुठली चैन केली असेल, तर पंधरा किलोचा सीलबंद डबा आणला. तोच डबा, तीच वेष्टनं सोडून माझी लेक सात समुद्रांपलीकडे बरणी घेऊन रांगेत उभी आहे आणि तिची मान ताठ आहे. मला तिचा राग आला नाही, हेवा वाटला. कृती एकच. तिनं ती निवडली होती, आईवर ती पडली होती.

पुढच्या आठवड्यात 'ले रेस्त'. मादाम म्हणाल्या, उरलेलं अन्न. मी हात वर केला. "मादाम, यांच्याकडे एवढा एकच शब्द?" कारण आमच्याकडे तीन. शिळं, उष्टं, खरकटं. शिळं काळानं होतं, उष्टं तोंडानं, खरकटं हातानं. तिघांचे रस्ते वेगळे. खरकटं पाणी बादलीतून शेजारच्या गोठ्यात, म्हशीच्या आंबोणात. उष्टं शक्यतो होऊच द्यायचं नाही. ताटातली आमटी भाकरीच्या शेवटच्या तुकड्यानं पुसून घ्यायची. त्यालाही फ्रेंचमध्ये एक शब्द आहे, 'सोसे', म्हणजे पावानं ताट पुसणं. आणि शिळ्या पावाला तर किती हळवं नाव : 'पें पेर्द्यू', हरवलेला पाव. दुधा-अंड्यात बुडवून लोण्यावर परतला की तो सापडतो. आपल्या शिळ्या चपातीला असं करुण नाव नाही. तिचा होतो कुस्करा. हात जे करतो तेच पदार्थाचं नाव. मोहरी, कांदा, कढीपत्ता, हळद, वरून शेंगदाण्याचं कूट. रात्रीची चपाती सकाळी नाष्ट्याला बसते.

शिळ्याची गोष्ट मात्र नाष्ट्यापाशी संपत नाही. ती मला उलगडली 'फिनिर' या क्रियापदाशी. फिनिर म्हणजे संपवणं. फ्रेंच क्रियापदांचा दुसरा गण शिकवताना सगळीकडे हेच क्रियापद नमुन्याला घेतात. मादामनी फळ्यावर रूपं लिहिली आणि आम्ही पाढे म्हटल्यासारखी म्हटली. 'ज्य फिनी', मी संपवते. 'त्यू फिनी', तू संपवतोस. 'इल फिनी', तो संपवतो. 'एल फिनी', ती संपवते. 'नू फिनिसों', आम्ही संपवतो. घरचा अभ्यास : प्रत्येक रूप वापरून उरलेल्या अन्नाबद्दल एक-एक वाक्य.

वही पुढ्यात घेऊन बसले. 'दादा उरलेलं संपवतात.' खोटं वाक्य. दादांना चपाती तव्यावरची लागायची. 'भाऊ उरलेलं संपवतो.' त्याहून खोटं. 'आम्ही उरलेलं संपवतो.' व्याकरणाला धरून, घराला सोडून. सगळ्या रूपांत एकच वाक्य खरं निघालं : 'एल फिनी ले रेस्त.' ती उरलेलं संपवते. ती म्हणजे आई. रात्री सगळ्यांची पानं उठली की ती पातेल्याशी बसायची. आदल्या दिवशीची भाकरी, तळाची आमटी, पोरांनी बाजूला सारलेली शेपूची भाजी. कुणी म्हटलं, "अगं टाक की ते," तर उत्तर ठरलेलं : "टाकवत नाही गं."

'टाकवत नाही' हे मी फ्रेंचमध्ये न्यायचा फार प्रयत्न केला. 'टाकू शकत नाही' म्हटलं तर हात दुखतोय असं वाटतं. 'टाकू नये' म्हटलं तर भिंतीवरची पाटी. मादामनी सुचवलं, 'ज्य नारीव पा आ झते', टाकणं मला साधत नाही. जवळ आलं, पण त्यात 'ज्य' आहे, 'मी' आहे. आपल्या वाक्यात कर्ता दिसतच नाही. करवत नाही, बघवत नाही, टाकवत नाही. माणूस आडोशाला जातो आणि क्रियापद तेवढं उंबऱ्यात उभं राहतं. आईचं सगळं आयुष्य त्या आडोशाला गेलं. वर्षानुवर्षं आम्ही म्हणत आलो की आमच्या घरात अन्न वाया जात नाही. जात नव्हतं खरंच. ते आईच्या पोटात जात होतं. आणि मी सांगलीला आले तेव्हा माहेरून पाचवारी साड्यांबरोबर हे क्रियापदही घेऊन आले.

घरात जे संपत नसे त्यालाही वाट होती, आणि ती आठवली की जीभ अडखळते. माझ्या लहानपणी संध्याकाळी मागच्या दाराशी गल्ली झाडणारी बाई यायची. आई तिला शिळी भाकरी वाढायची, पण वरून, पदराला हात लागणार नाही अशी. तेव्हा मला ती माया वाटायची. याच साताऱ्यात ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या मुलाचं नाव सरकारी शाळेच्या, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या रजिस्टरात चढलं. तो दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. त्याच मुलानं मोठेपणी, १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत, आपल्या माणसांना शिळ्या-उष्ट्या तुकड्यांवर जगणं सोडा म्हणून सांगितलं. वाढणारीला ती काटकसर होती, घेणारीला तो शिक्का होता. आणि याच साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृहातल्या पोरांसाठी मुष्टिफंड काढला : घरच्या बाईनं मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायचं. धान्य तेवढंच असेल, पण ते आधी काढलेलं आहे. उरल्यावर दिलेलं आणि आधी काढून ठेवलेलं, यांत एका मुठीचं अंतर आहे आणि अख्ख्या माणूसपणाचं.

मादामनी सांगितलं की फ्रान्सनं २०१६ मध्ये कायदा केला : चारशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या सुपरमार्केटनं न खपलेलं खाण्याजोगं अन्न मुद्दाम खराब करून फेकायचं नाही, संस्थांशी करार करून द्यायचं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मलाही चांगलं वाटलं, पण मनात मागचं दार करकरलं. ते अन्न पलीकडे कसं वाढत असतील? वरून की हातात?

कचऱ्याच्या डब्याला फ्रेंचमध्ये 'पूबेल' म्हणतात. हा मुळात माणूस. यूजेन पूबेल, पॅरिसच्या मुलखाचा प्रीफेक्ट. १८८३ मध्ये त्यानं हुकूम काढला की प्रत्येक घरमालकानं भाडेकरूंसाठी झाकणाचे डबे ठेवावेत. कुजणारं एकात, कागद-चिंध्या दुसऱ्यात, काचा आणि कालवांच्या शिंपा तिसऱ्यात. चिंध्या वेचून पोट भरणारे भडकले, घरमालक कुरकुरले, आणि लोकांनी त्या डब्याला त्याचंच नाव चिकटवलं. हे ऐकताना मला हसू आलं. तिकडे माणसाचं नाव भांड्याला गेलं, आपल्याकडे भांड्याचं नाव माणसाला आलं. डेबूजी जानोरकर फुटकं गाडगं घेऊन आणि चिंध्यांचा अंगरखा घालून गावोगाव झाडू मारत हिंडले आणि गाडगेबाबा झाले. कराडमधून जाताना त्यांच्या नावाचं कॉलेज लागतं, तेव्हा हे पूबेलसाहेब हटकून आठवतात.

कराडचं निघालं म्हणून सांगते. माझ्या माहेर-सासरच्या मुलखानं एक पराक्रम केलाय. स्वच्छ सर्वेक्षणात, एक लाखाच्या आतल्या लोकसंख्येच्या शहरांत, देशात पहिलं आलं २०२० मध्ये कराड, २०२१ मध्ये विटा आणि २०२२ मध्ये पाचगणी. लागोपाठ तीन वर्षं, सातारा आणि सांगली जिल्ह्यांतली गावं. घंटागाडी येते, गाणं वाजतं, ओला वेगळा, सुका वेगळा. पूबेलच्या तीन डब्यांना आपल्या गल्लीत पोचायला सव्वाशेच्या वर वर्षं लागली, आणि खुद्द फ्रान्सनं ओला कचरा वेगळा काढायची सोय सगळ्या घरांना लागू केली ती २०२४ च्या जानेवारीत. पण गाडीचं गाणं घरात कुणाला ऐकू येतं? आमच्या गल्लीत दोन्ही बादल्या घेऊन पळताना मी आजवर तरी बायकाच पाहिल्या. इथंही एल फिनी.

आता वाकळीची गोष्ट. आमचं घर गावभागात. कृष्णेची धोक्याची पातळी पंचेचाळीस फूट; २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं. आम्ही विश्रामबागेत नातेवाइकांकडे होतो. आठवड्यानं परतलो तेव्हा गल्ली ओळखू येईना. दारादारांपुढे गाद्या, कपाटं, फुगलेली पुस्तकं, पीठ, धान्य, फ्रिज यांचे ढीग. आयुष्यभर 'लागंल कधीतरी' म्हणून जपलेलं सगळं एका दिवसात रस्त्यावर. जेसीबी यायचा आणि सुपड्यात भरून न्यायचा. त्या वासाला कुठल्याच भाषेत शब्द नसावा.

आमच्या मागच्या खोलीत पेटीवर सासूबाईंची वाकळ होती. सहा लुगड्यांची, त्यांनी स्वतः एका उन्हाळ्यात शिवलेली. मी तिला हात घातला. जागची हलेना. चिखल पिऊन ती म्हशीसारखी जड झाली होती. आत्या, मी त्यांना आत्याच म्हणायची, पायरीवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "धुऊन बघू." ओढता येईल तेवढी अंगणात ओढली, तीन पाण्यांनी धुतली. वास गेला नाही. आत्यांनी कडेचा एक टाका नखानं उसवला आणि आतला पदर वर काढला. विटकरी रंगाचा, बारीक चौकटीचा. "हे माझ्या सासूबाईंचं," म्हणाल्या. त्याच्या खालचा हिरवा. "हे तुमच्या लग्नात घेतलेलं." त्याच्या खाली नुसता गाळ.

"टाकू या, आत्या."

"टाकवत नाही गं."

त्यांना टाकवत नव्हती आणि मला उचलवत नव्हती. दोन्ही क्रियापदं एकाच घडणीची, दोन्हींत माणूस हतबल. शेवटी शेजारच्या दोघी आल्या, आणि हे आले. चौघांनी चार टोकं धरली. आत्या मागून चालत आल्या. ढिगावर ठेवताना कुणी ती भिरकावली नाही. अंथरतात तशी टाकली, टोकं सारखी करून. विटकरी चौकटीचा वीतभर तुकडा आत्यांनी आधीच कातरून घेतला होता. तो आजही देव्हाऱ्यातली समई पुसायला आहे.

हे सगळं मला फ्रेंचमध्ये सांगता येत नाही. तेवढी क्रियापदं आली नाहीत अजून. पण मागच्या महिन्यात मादामनी एक छोटं सर्वनाम शिकवलं. 'ऑं'. नाकातून म्हणायचं, आरतीच्या आधीच्या ओंकाराचं अर्धं. वहीच्या हळदीच्या पानावर ते आधीपासून होतं, 'ऑं न गास्पीय पा', पण मी अर्थ लिहिताना त्याला वगळून टाकलं होतं. मादाम म्हणाल्या, "याला इंग्रजीत अडचण येते, मराठीत येऊ नये. कुठला शब्द?" वर्गातली एक मुलगी म्हणाली, "आपण." मी जुन्या ओळीवर काट मारली आणि नव्यानं लिहिलं : आपण वाया घालवत नाही. मग मादामनी फिनिरचं रूप लिहिलं. 'ऑं फिनी'. आपण संपवतो. मी मागचं पान उलटून पाहिलं. 'एल फिनी' आणि 'ऑं फिनी', क्रियापद अक्षरन् अक्षर तेच. ती संपवते आणि आपण संपवतो, यांत फरक फक्त पुढच्या सर्वनामाचा.

त्या शुक्रवारी रात्रीच्या पाच चपात्या उरल्या होत्या. शनिवारी सकाळी मी त्यांचा कुस्करा केला आणि चार ताटल्यांत सारखा वाढला. एक यांना, एक मुलाला, एक सुनेला, एक मला. आत्या आता नाहीत. हे ताटलीकडे बघून म्हणाले, "आज शिळं?"

"पें पेर्द्यू," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"हरवलेलं सापडलंय. खा."

तेवढ्यात लिऑनहून फोन आला. तिकडे पहाट; नात झोपेतून उठून आईच्या मांडीवर बसली होती. चारी ताटल्या तिला दाखवल्या. तिनं एक-एक मोजली आणि काहीतरी विचारलं. तर्जुम्याची वाट न बघता मला कळलं आणि मी उत्तर दिलं, "ऑं फिनी." ती हसली, माझ्या 'ऑं'ला हसली, आणि नाक वर करून तो बरोबर म्हणून दाखवला. मग तिनं यांच्याकडून वदवून घेतला, मुलाकडून, सुनेकडून. आमच्या स्वयंपाकघरात चौघं नाकातून 'आपण' म्हणत बसलो होतो. यांनी बोटानं ताटली पुसून घेतली. पावानं पुसली तर त्याला सोसे म्हणतात, हे मी त्यांना सांगितलं नाही.

ताटल्या विसळायला मात्र मीच उठले. भांडी घासायचं क्रियापद पुढच्या धड्यात आहे.